एक्सरे नॉर्मल म्हणून सोडला, तीन आठवड्यांनी सीटीत मिलिअरी टीबी निघाला. पहिल्या फिल्मवर तो ओळखायचा कसा?

ऊसपट्ट्यातला एमओ

नमस्कार. मी ऊसपट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे, नुसतं एमबीबीएस, आमच्याकडे रेडिओलॉजिस्ट नाही, एक्सरे आम्हीच बघतो. गेले चार दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितोय, जाणकारांनी प्लीज सविस्तर सांगा.

पेशंट पंचेचाळिशीचा, ऊसतोडीच्या टोळीतला, शुगर आहे पण गोळ्या कधी घेतो कधी नाही. तीन आठवडे ताप, संध्याकाळी जास्त, जेवण जात नाही, कपडे ढिले व्हायला लागलेत असं बायको सांगत होती. खोकला मात्र जवळजवळ नाहीच. छाती तपासली तर दोन्ही बाजू स्वच्छ. एक्सरे काढला, मी बघितला, पॅच नाही, कॅव्हिटी (पोकळी) नाही, पाणी नाही, हार्टचा साइज ठीक, म्हणून नॉर्मल लिहून टाकलं. बेडका दोनदा पाठवला, दोन्ही वेळा निगेटिव्ह, आणि खरं सांगायचं तर तो बेडका नव्हताच, लाळ होती. विडाल पॉझिटिव्ह आली मग टायफॉईड धरून इंजेक्शनं दिली, चार-पाच दिवसांनी जरा बरं वाटतंय म्हणाला आणि फडावर निघून गेला.

तीन आठवड्यांनी बायकोने टेम्पोत घालून आणला, दम लागलेला, ऑक्सिजन ८८. जिल्ह्याला पाठवला, तिथे एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी) झाला, दोन्ही फुफ्फुसं वरपासून खालपर्यंत बारीक ठिपक्यांनी भरलेली, रिपोर्टवर मिलिअरी टीबी, म्हणजे रक्तातून सगळीकडे पसरलेला टीबी. आता ऑक्सिजनवर आहे, औषधं सुरू झालीत.

त्या रात्री मी जुनी फिल्म परत काढून व्ह्यू बॉक्सवर लावली. ठिपके आहेत. पुसट आहेत पण आहेत, आता माहीत असल्यामुळे दिसतायत. तेव्हा मी हीच फिल्म बघितली होती ना, मग दिसले का नाहीत? माझा प्रश्न एवढाच की हे आधी दिसावं म्हणून नजर कुठे आणि कशी लावायची, आणि ठिपके दिसले तरी ते टीबीचेच आहेत हे कशावरून ठरवायचं.

फिल्मवाचक

डॉक्टर, मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोजचं काम हेच. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. पॅच नाही, कॅव्हिटी नाही, पाणी नाही असं तुम्ही बघत गेलात. आपली नजर एक्सरेवर वेगळं काय आहे ते शोधते, म्हणजे डावीकडे आहे आणि उजवीकडे नाही, वर आहे आणि खाली नाही. मिलिअरीत असं काहीच नसतं. सगळीकडे सारखंच असतं, दोन्ही बाजूंना, वरून खालपर्यंत, एकाच मापाचं, म्हणून डोळा त्यालाच नॉर्मल धरून पुढे जातो. हे तुमच्या एकट्याचं नाही, मी शिकत असताना अशा दोन फिल्म माझ्याही हातून सुटल्यात आणि त्या मला अजून आठवतात.

त्यामुळे त्यासाठी मुद्दाम वेगळं बघावं लागतं. मी काय करते ते सांगते. पूर्ण छाती बघून झाली की दोन बरगड्यांच्या मधली जागा घेते, खालच्या भागातली, डायफ्रॅमच्या जरा वरची, आणि तिथेच थांबते. बरगडीवर नाही, मधल्या फटीत. मग बाहेरच्या कडेला जाते. नॉर्मल फुफ्फुसात रक्तवाहिन्या हायलमपासून, म्हणजे फुफ्फुसाच्या मुळापासून, निघून फांद्या फुटत बारीक होत जातात आणि छातीच्या भिंतीजवळच्या शेवटच्या सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरमध्ये जवळपास काही दिसत नाही, काळं असतं. त्या काळ्या पट्टीत जर गोल गोल ठिपके दिसायला लागले, ज्यांना फांदी नाही, जे कुठल्या रेषेला जोडलेले नाहीत, तर ती रक्तवाहिनी नाही. हायलमजवळचे ठिपके फसवतात कारण तिथे वाहिनी समोरून आपल्याकडे येत असेल तर ती पण गोल ठिपकाच दिसते. कडेला तसं होत नाही. दुसरं म्हणजे एखादी वाहिनी पकडून तिच्यामागे बाहेरपर्यंत जायचा प्रयत्न करा. मिलिअरीत ती मध्येच ठिपक्यांत हरवते.

लॅटरल, म्हणजे बाजूने घेतलेला एक्सरे, काढता आला तर काढा. छातीच्या हाडामागची काळी जागा आणि हार्टमागे मणक्याच्या खालच्या भागावरची जागा, ह्या दोन ठिकाणी ठिपके एकावर एक पडून जास्त स्पष्ट होतात. एक-दोन मिलिमीटरचा एकटा ठिपका एक्सरेवर सावली टाकूच शकत नाही हे लक्षात घ्या, आपल्याला दिसतं ते अनेक ठिपक्यांच्या सावल्या एकमेकींवर पडून. म्हणूनच सुरुवातीला फिल्म खरोखरच नॉर्मल असू शकते. ताप सुरू झाल्यापासून दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त वेळ लागतो ठिपके एक्सरेवर उमटायला. तुमच्या पेशंटच्या फिल्मवर आता पुसट दिसतायत म्हणजे तो बरोबर त्या उंबरठ्यावर होता.

नावाची गोष्ट पण सांगते कारण त्यामुळे माप डोक्यात बसतं. १७०० साली जिनिव्हाच्या मांजे नावाच्या डॉक्टरने शवविच्छेदनात फुफ्फुसावर असे दाणे बघून त्यांना बारीक धान्याची उपमा दिली, लॅटिनमध्ये मिलियम, म्हणजे आपली वरी. उपवासाची भगर ताटात पसरून बघा, दाण्याचं माप साधारण सारखं आणि दाणा दाण्यापासून सुटा. १ ते ३ मिलिमीटर. मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच सांगते, काही भगर आणि काही साबुदाणा दिसला तर थांबा आणि दुसरा विचार करा.

सीटीवर तर अजून एक खूण आहे. जंतू रक्तातून येतो, श्वासनलिकेतून नाही, त्यामुळे ठिपके कुठल्याही रचनेला धरून बसत नाहीत. काही प्लुरावर (फुफ्फुसाच्या आवरणावर), काही फिशरवर (फुफ्फुसाच्या खंडांमधल्या फटीवर), काही मध्येच, ह्याला आम्ही रँडम म्हणतो. मी आधी फिशर बघते. फिशरवर आणि प्लुरावर ठिपके अजिबातच नाहीत आणि सगळे भिंतीपासून जरा आत झुपक्याझुपक्याने आहेत, फांदीला कळ्या आल्यासारखे, तर तो श्वासनलिकेतून पसरलेला आजार, तो टीबी असू शकतो पण मिलिअरी नाही. हा फरक रिपोर्टमध्ये बऱ्याचदा गाळला जातो, बारीक ठिपके दिसले की मिलिअरी लिहून मोकळे होतात. पेशंटसाठी फरक मोठा आहे, कारण कळ्यावाल्या प्रकारात बेडका बहुतेक वेळा पॉझिटिव्ह येतो आणि तो माणूस घरात जास्त पसरवतो, आणि मिलिअरीत बेडका बऱ्याचदा निगेटिव्ह पण जंतू मेंदूपासून यकृतापर्यंत कुठेही पोचलेला असू शकतो.

माझं मत, तीन आठवड्यांचा ताप, वजन उतरतंय आणि एक्सरे नॉर्मल, तर एचआरसीटी करावाच.

छातीचा डॉक्टर

मॅडमनी फिल्मबद्दल लिहिलंय त्यात घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही, पण शेवटच्या ओळीशी मी सहमत नाही. एमओ जिथे बसलेत तिथून सीटी म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर आणि एका दिवसाची मजुरी बुडते, ऊसतोडीच्या माणसाने तर मुकादमाकडून उचल घेतलेली असते, तो सीटीला जाणारच नाही. अशा ठिकाणी दहा दिवसांनी दुसरा एक्सरे काढणं आणि पहिल्या फिल्मच्या शेजारी लावून बघणं हे खूप काही देऊन जातं. दोन फिल्म शेजारी ठेवल्या की सारखेपणाची फसवणूक संपते, कारण आता तुलनेला काहीतरी मिळालं. म्हणून पेशंटला सांगतानाच "एक्सरे नॉर्मल आहे" असं न सांगता "आज काही दिसत नाहीये, ताप राहिला तर अमुक वारी परत एक्सरे" असं सांगायचं आणि केसपेपरवर तारीख घालायची. अर्थात दम असेल, ऑक्सिजन कमी असेल, डोकं दुखत असेल, उलट्या असतील, माणूस बरळत असेल तर दहा दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी वर पाठवायचं.

आता टीबीच कशावरून. आपल्या देशात ताप, वजन आणि असे ठिपके असतील तर आधी टीबीच धरायचा, पण काही गोष्टी मी दरवेळी विचारतो. काम काय करता. दगडखाण, क्रशर, फाउंड्री, पाट्या-पेन्सिलीचा कारखाना असेल तर सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा आजार, त्यात ठिपके वरच्या आणि मागच्या भागात जास्त, ताप नसतो आणि दोन वर्षांपूर्वीची फिल्म मिळाली तर तीही तशीच असते. पण सावध, सिलिकोसिसवाल्याला टीबी व्हायची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त, दोन्ही एकत्र असू शकतात. रात्री खोकल्याने उठून बसतो, दम्यासारखी शीळ वाजते, आणि माणूस हत्तीपायाच्या पट्ट्यातला, म्हणजे विदर्भातला वगैरे, तर रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मोजा, ३००० च्या वर असतील तर तो ट्रॉपिकल इओसिनोफिलिया, तीन आठवड्यांच्या डीईसीने (हत्तीरोगाचं औषध) बरा होतो, त्याला सहा महिने टीबीची औषधं देणं बरोबर नाही. ठिपके भगर-साबुदाणा मिसळलेले असतील तर कॅन्सर पसरलाय का ते शोधा, थायरॉईडला हात लावून बघायला विसरू नका. सारकॉइडमध्ये (हाही बारीक गाठींचा आजार, पण संसर्गाचा नाही) माणूस फिल्मच्या मानाने बराच ठणठणीत असतो. खिडकीत कबुतरं असतील तर तेही विचारा, कबुतरांच्या धुळीची ॲलर्जी फुफ्फुसाला होते, त्यात ठिपके धुरकट असतात आणि प्लुराला चिकटत नाहीत.

बेडका निगेटिव्ह आला म्हणून मिलिअरी नाही असं कधीच म्हणू नका. ठिपके श्वासनलिकेत उघडत नाहीत, मग बेडक्यात जंतू येणार कुठून. तरी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला (जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासण्या) पाठवाच, आला तर रिफॅम्पिसिनला (टीबीचं मुख्य औषध) दाद देतो की नाही तेही कळतं. नाहीच आला तर ब्रॉन्कोस्कोपीचं (दुर्बिणीने फुफ्फुसातून काढलेलं) पाणी, गाठ असेल तर गाठ, पोटातलं-छातीतलं पाणी, रक्तपेशी कमी असतील तर बोन मॅरो. आणि एक बिनखर्चाची तपासणी सगळे विसरतात, डोळ्याच्या डॉक्टरकडून बाहुली मोठी करून पडदा बघणे. तिथे कोरॉइडवर, म्हणजे पडद्यामागच्या थरावर, पिवळट ठिपके दिसले तर निदान जवळपास हातात आलं. एचआयव्ही आणि शुगर प्रत्येकाची. मेंदूचं विसरायचं नाही, मिलिअरीच्या बऱ्याच पेशंटना मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) सोबत असतो आणि तो असेल तर औषधं सहा महिन्यांवर थांबत नाहीत, ९ ते १२ महिने चालतात आणि सुरुवातीला स्टिरॉइड लागतं. म्हणून जरा जरी शंका आली तरी पाठीतलं पाणी काढून तपासायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चित्र जुळत असेल आणि पेशंट खालावत असेल तर पुराव्याची वाट बघत औषध थांबवायचं नाही. नमुने घ्या आणि सुरू करा. न उपचार केलेला मिलिअरी जीव घेतो.

विडालबद्दल मला खरंच कळकळीने सांगायचंय. आपल्याकडे बऱ्याच लोकांची विडाल कधी ना कधी पॉझिटिव्ह येतेच, तीन आठवड्यांच्या तापाला तिच्यावर टायफॉईड म्हणणं सोडून द्या. त्यातून लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं दिली तर ती टीबीवर पण थोडीफार चालतात, माणसाला आठ दिवस बरं वाटतं आणि निदान अजून लांबतं.

अंधारखोलीतला

मी डॉक्टर नाही, एक्सरे टेक्निशियन आहे, २२ वर्षं झाली. सरांनी मॅडमनी सगळं लिहिलं पण फिल्मच नीट नसेल तर कोणाला काय दिसणार म्हणून लिहितो. एक्सपोजर जास्त झालं की हे बारीक ठिपके जळून जातात, फिल्म काळीभोर छान दिसते आणि डॉक्टर म्हणतात वा काय क्लिअर आहे. श्वास पूर्ण आत घेतलेला नसला तर उलट, खालच्या भागात वाहिन्या गोळा होतात आणि नसलेले ठिपके दिसतात. पेशंट हलला तरी ठिपके पुसले जातात, दम लागलेल्या माणसाला श्वास धरता येत नाही, त्याला मी आधी दोन वेळा नुसता सराव करायला लावतो मग बटण दाबतो. मागून पुढे मोजून साधारण दहा बरगड्या दिसल्या तर श्वास पुरेसा घेतलाय.

आता सगळीकडे डिजिटल आलंय तर मशीन आपोआप उजेड ठीक करून देतं, त्यात एक्सपोजर चुकलेलं कळत पण नाही. डॉक्टर लोकांना विनंती आहे की स्क्रीनवर स्वतः कॉन्ट्रास्ट हलवून बघा, मोठं करून बघा, काळ्याचं पांढरं करून बघा. आणि फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो व्हॉट्सॅपवर पाठवून मत विचारतात, पॅच असेल तर चालेल, पण १ मिलिमीटरचा ठिपका त्या फोटोत उरतच नाही. आणि दुसरं, तुम्ही चिठ्ठीवर नुसतं "छातीचा एक्सरे" लिहिता. "तीन आठवडे ताप" एवढे तीन शब्द लिहिलेत तर आम्ही पण जास्त काळजीने काढतो.

धाकटी बहीण

मी मेडिकलमधली नाही पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्या ताईला मागच्या महिन्यात हेच निघालं. मूल होत नव्हतं म्हणून ट्रीटमेंट चालू होती, आयव्हीएफने दिवस राहिले, तिसऱ्या महिन्यात ताप सुरू झाला. पोटात बाळ म्हणून एक्सरे काढायलाच कोणी तयार नव्हतं, आम्हीही घाबरत होतो, त्यात पाच आठवडे गेले. शेवटी काढला त्याच्या रिपोर्टवर लिहिलं होतं "मिलिअरी कॉक्स?" आणि कोणी सांगेना हे कॉक्स काय, आई तर कॅन्सर समजून रात्रभर रडत होती. बाळ राहिलं नाही. ताई आता औषधांवर आहे, पाचवा आठवडा, ताप गेलाय.

मला विचारायचंय की एवढी दोन्ही फुफ्फुसं भरलेली बघितल्यावर ती परत नीट होतात का? आणि माझं बाळ दीड वर्षाचं आहे, आम्ही एकाच घरात राहतो, त्याला काय करायचं?

छातीचा डॉक्टर

ताई, बाळाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. एक्सरेला उशीर झाला हे तुमच्या कोणाच्या माथी नाही, पण वाचणाऱ्या सगळ्यांसाठी सांगतो, छातीच्या एका एक्सरेचं पोटातल्या बाळापर्यंत पोचणारं रेडिएशन अगदी नगण्य असतं. लांबलेल्या तापाच्या गरोदर बाईचा एक्सरे शिसाचा एप्रन लावून जरूर काढावा. आणि वंध्यत्वामागे गर्भपिशवीचा, नळ्यांचा टीबी असणं आपल्याकडे नवीन नाही, त्यातूनच गरोदरपणात मिलिअरी झाल्याच्या केसेस आहेत.

कॉक्स म्हणजे टीबीच. १८८२ च्या २४ मार्चला ज्यांनी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जाहीर केला त्या रॉबर्ट कॉखचं नाव. टीबी शब्दाला लोक घाबरतात म्हणून आमच्याकडे तसं लिहायची पद्धत पडली, पण त्याने घरच्यांचा जीव जास्त टांगणीला लागतो हे तुमच्या आईच्या रात्रीवरून दिसतंच आहे. मी पूर्ण शब्द लिहितो.

फुफ्फुसं नीट होतात का, तर हो, आणि मिलिअरीत बहुतेक वेळा कॅव्हिटीवाल्या टीबीपेक्षा छान होतात. दाणे लहान असतात, औषध नीट घेतलं तर काही महिन्यांत विरघळून जातात, फिल्म बऱ्याचदा जवळपास स्वच्छ होते. मधेच एखादी गाठ मोठी झाली किंवा ताप परत आला तर घाबरून औषध बंद करू नका, दाखवा. डोळे-त्वचा पिवळी, सततची उलटी, नजर अंधुक किंवा रंग ओळखता न येणं, ह्यातलं काही झालं तर त्याच दिवशी दाखवा. लघवी नारिंगी होते ती रिफॅम्पिसिनमुळे, ते काही नाही.

दीड वर्षाच्या बाळाला उद्याच सरकारी टीबी केंद्रात न्या. मिलिअरी कॅव्हिटीवाल्यापेक्षा कमी पसरतो पण पाच वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत कमी म्हणजे नाही असं धरायचं नाही. त्याला टीबी नाही ना हे बघून प्रतिबंधाचं औषध देतात. बीसीजी दिली असेल, ती लहान मुलांना मेंदूच्या आणि मिलिअरी टीबीपासून बरंच वाचवते, तरी हे औषध लागतंच. ताईची नोंद निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीत, झालीय का बघा, खासगीत उपचार चालू असले तरी नोंद सक्तीची आहे आणि पोषण आहाराचे महिन्याला १००० रुपये, जे आधी ५०० होते, ते तिच्या खात्यावर यायला हवेत.

ऊसपट्ट्यातला एमओ

सगळ्यांचे मनापासून आभार. पेशंटचा ऑक्सिजन आज ९४ आहे, पाठीतलं पाणी काढलं त्यात मेनिंजायटिस नाही निघाला. बायकोशी फोनवर बोललो, माझ्याकडून सुटलं हे तिला सांगितलं.

काल ओपीडी संपल्यावर गेल्या दोन महिन्यांतल्या तापाच्या पेशंटच्या नॉर्मल म्हणून ठेवलेल्या सगळ्या फिल्म काढून बसलो, मॅडमनी सांगितलं तसं बरगड्यांच्या मधली जागा आणि बाहेरची कड, प्रत्येक फिल्म शांतपणे. एक्केचाळीस फिल्म. चाळीस ठीक वाटल्या. एक बाई आहे, तिशीची, दुसऱ्या टोळीतली, तिच्या उजव्या खालच्या कडेला मला काहीतरी वाटतंय, नक्की सांगता येत नाही. मुकादमाचा नंबर मिळवला, टोळी पुढच्या फडावर गेलीय पण अजून तालुक्यातच आहे, उद्या सकाळी आमची गाडी पाठवतोय तिला आणायला. तिचं लहान पोरगं पण सोबत आहे म्हणाला, त्यालाही आणायला सांगितलंय.

फिल्मवाचक

लॅटरल पण काढा. आणि चिठ्ठीवर तापाचे दिवस लिहा. दोन्ही फिल्म मूळ फाइलमध्ये मला पाठवा, मोबाईलचा फोटो नको, मी उद्या रात्रीच बघते.